कठड्यावरचा मायाळू

मायाळू हा भारतातला देशी वेल. पाने जाड, गुळगुळीत आणि रसाळ; चिरली की बोटांना बुळबुळीत लागणारी. खोड हिरवे किंवा तांबडे, जुने झाले की अंगठ्याएवढे जाड. पावसाळा उलटला की पानांच्या बेचक्यांतून तुरे येतात आणि त्यांवर वाटाण्याएवढी, काळपट जांभळी फळे लोंबू लागतात. मराठीत त्याला मयाळ आणि वेलबोंडी अशीही नावे आहेत. हिंदीत तो पोई, संस्कृतात उपोदिका, कोकणीत वाली, तर कन्नड आणि तुळूत बसळे. शास्त्रीय नाव 'बॅसेला' हे मलबारच्या बोलीतूनच उचललेले आहे. डच अधिकारी व्हॅन ऱ्हेडे याने १६७८ ते १६९३ या काळात 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला. मलबारी वनस्पतींची नावे युरोपात पोहोचली ती बरीचशी याच ग्रंथातून, आणि १७५३ मध्ये लिनियसने 'बॅसेला'वर शिक्का मारला. त्याने हिरवा आणि तांबडा असे दोन वेगळे वेल मानले होते. आज ते एकाच जातीचे दोन प्रकार समजले जातात, भाजीवाल्या मात्र अजूनही वेगळे सांगतात.

ही भाजी किती जुनी, याचा एक गमतीदार पुरावा चरकसंहितेत आहे. एकमेकांशी न जमणाऱ्या पदार्थांच्या यादीत, तिळाच्या वाटणात शिजवलेली उपोदिका खाल्ली तर अतिसार होतो, असे तिथे बजावले आहे. कुणीतरी तशी भाजी करून खात असल्याखेरीज असा इशारा देण्याचे कारण पडत नाही.

मुंबई बेटावर हा वेल वाढला तो आधी वाड्यांत. गिरगाव, दादर, माहीम, परळ हा पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः नारळ-पोफळीच्या बागांचा आणि भातखाचरांचा होता. या बागांना कंपनी सरकारच्या दप्तरात 'ओर्ट' म्हणत. बागेसाठीच्या 'होर्ता' या पोर्तुगीज शब्दाचे ते इंग्रजी तोंडात झालेले रूप. लोक त्यांना वाडी, भाट किंवा आगर म्हणत. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, ताडदेव, चिंचपोकळी, दादरचा आगरबाजार ही नावे त्या बागाईताची उरलेली यादीच आहे. खोताची वाडी मात्र झाडावरून नव्हे, तर अठराव्या शतकाच्या अखेरीस ती जमीन असलेल्या दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थावरून ओळखली जाते. पाठारे प्रभू, पाचकळशी, भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशा अनेकांच्या हातात या वाड्या होत्या. प्रत्येक वाडीत विहीर असे. विहिरीवर रहाट, आणि रहाटातून झाडांच्या बुंध्यांकडे जाणारे पाट.

मायाळूसारख्या वेलाला वाडीत मुद्दाम जागा द्यावी लागत नाही. त्याला ओल हवी, थोडी सावली चालते आणि चढायला काहीतरी लागते. न्हाणीचे सांडपाणी जिथे मुरते तिथली जमीन त्याला फार मानवते. कोकणातल्या परसात म्हणूनच अळू न्हाणीच्या तोंडाशी आणि मायाळू त्याच्या बाजूच्या कुडावर, अशी जोडी दिसते. वेल बहुवर्षायू आहे. पाणी मिळाले तर पाहता पाहता आठ-दहा मीटर जातो, आणि जितका खुडावा तितका फुटतो. अशा वेलाला पीक म्हणावे की तण, हे घरच्या बाईने किती वेळा भाजी केली यावर ठरते.

वाड्या मोडल्या त्या दोन-तीन पिढ्यांत. कावसजी दावर यांची गिरणी १८५४ मध्ये ताडदेवला उभी राहू लागली आणि तिच्यामागे गिरण्यांची रांग लागली. १८६० च्या दशकातल्या कापसाच्या तेजीने जमिनीचे भाव चढले. १८७२ च्या शिरगणतीत ६,४४,४०५ भरलेली शहराची वस्ती १९११ मध्ये ९,७९,४४५ झाली. नारळाच्या एका झाडापेक्षा त्या जागेवरची एक खोली जास्त पैसे देऊ लागली. मग माडांच्या रांगेच्या जागी खोल्यांची रांग आली, आणि वाडी हे नाव तेवढे चाळींच्या झुंडीला चिकटून राहिले. विहिरींचा बंदोबस्त पुढे हिवतापाच्या निमित्ताने झाला. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला. त्यात डासांचे घर म्हणून बोट दाखवले गेले ते मुख्यतः विहिरींकडे. त्यानंतर कित्येक विहिरी बुजवल्या गेल्या, कित्येकांवर घट्ट झाकणे बसली. विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० पासून येत होतेच, त्यामुळे माणसांचे अडले नाही. बागांचे अडले.

सरकारी आणि साहेबी बागकामाची गोष्ट याच भागात, पण वेगळ्या वाटेने चालली होती. पश्चिम भारताच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची स्थापना १८३० ची. तिची बाग परळच्या शेजारी शिवडीला होती. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची जॉन ग्रॅहम यांची सूची १८३९ मध्ये निघाली. ग्रॅहम मुंबईच्या टपाल खात्यात अधिकारी होते. पुढे १८६० च्या दशकात शिवडीच्या जागेवर ख्रिस्ती दफनभूमी झाली आणि सोसायटीची बाग भायखळ्याला गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते उघडलेली ही व्हिक्टोरिया गार्डन्स १८७३ मध्ये नगरपालिकेकडे आली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे आणि बोलण्यात अजून राणीची बाग. परदेशी झाडे इथल्या हवेत रुजवून पाहणे हा या मंडळींचा मोठा उद्योग. परसातल्या भाजीच्या वेलाला त्यात मानाचे पान मिळायचे नव्हतेच, आणि त्याला त्याची गरजही नव्हती.

शिवडीचा संबंध मायाळूशी आला तो जवळजवळ सत्तर वर्षांनी, आणि तोही तुपाच्या वाटेने. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना १९३२ मध्ये शिवडीला सुरू झाला. १९३७ पासून 'डालडा' बाजारात आला, पत्र्याच्या पिवळ्या डब्यात, वर हिरवा माड. मुंबईच्या चाळीत तूप संपल्यावर डबा टाकून देणे ही कल्पनाच नव्हती. छोट्या डब्यात डाळ-तांदूळ गेले, मोठ्यात माती. याआधी हे काम रॉकेलचे डबे करत. चार गॅलनांचा, म्हणजे अठरा लिटरांचा चौकोनी डबा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून शहरात मुबलक होता. तोंडाला फळीची आडवी मूठ ठोकली की ती पाण्याची बादली, उभा कापला की तो पत्रा, आणि बुडाला खिळ्याने चार भोके पाडली की ती कुंडी. माड तोडून बांधलेल्या चाळीत माडाचे चित्र असलेल्या डब्यात भाजी लावली जावी, हा योग जुळवून आणू म्हटले तरी जमला नसता.

डब्यात काय जगते, हे चाळीने फार लवकर ओळखले. तुळस पहिली. तिच्याजवळ ओवा, गवती चहा, कधी कढीपत्ता, आणि एखाद्या कडेला मायाळू. भोपळ्याला, दुधीला डब्यातली माती पुरत नाही. फुले येतात, फळे गळतात. मायाळूचे तसे नाही. त्याच्याकडून फळाची अपेक्षा नसून पानाची असते, आणि पाने कमी मातीतही येत राहतात. खोड रसाळ असल्यामुळे नळ एक दिवस गेला तरी वेल मान टाकत नाही. म्हणूनच गिरगावच्या, लालबागच्या गॅलरीत तो टिकला.

लावण्याची रीत साधी आहे. बी कठीण असते. रात्रभर पाण्यात भिजवले तर दोन-तीन आठवड्यांत उगवते. पण चाळीत बी कुणी फारसे लावत नसे. तीन-चार पेरांचा वीतभर तुकडा शेजारणीकडून यायचा, दोन पेरे मातीत जायची आणि आठवड्याभरात मूळ धरायचे. डब्याच्या बुडाशी विटेचे तुकडे, वर गावाहून किंवा एखाद्या मैदानाच्या कडेवरून आणलेली माती. खत म्हणजे चहाचा चोथा, आणि पाणी बऱ्याचदा तांदळाच्या धुवणाचे. डबा दोन विटांवर ठेवतात, म्हणजे खाली पत्रा गंजत नाही आणि खालच्या मजल्यावर पाणी कमी गळते. एक सुतळी कठड्याच्या गजापासून वरच्या मजल्याच्या कठड्यापर्यंत ताणली की वेलाची सोय झाली. वेल स्वतःच विळखा घालत चढतो. त्याला दोडका-काकडीसारखे तणावे नसतात.

इथून चाळीचा कायदा सुरू होतो. वेल पहिल्या मजल्यावरच्या डब्यात आणि कोवळे शेंडे दुसऱ्या मजल्यावर. शेंडा खुडला की खाली दोन फुटवे येतात, त्यामुळे वरची बाई खुडते तो एका अर्थी खालच्या बाईवर उपकारच असतो. पण हे शेतीशास्त्र भांडणात कुणी काढत नाही. सर्वसाधारण रिवाज असा, की पाने ज्याच्या कठड्यासमोर येतील त्याची, मूळ मात्र लावणाऱ्याचे. गणपतीच्या आधी चाळीला रंग काढायचा झाला आणि वेल उतरवावा लागला, तर मुळापासून एक हात ठेवून बाकीचा कापतात, आणि त्या दिवशी मजल्यावर घरोघर भजी असतात.

भजी हेच मायाळूचे मुंबईतले सर्वांत प्रसिद्ध रूप. पान अख्खे ठेवायचे, डाळीच्या पिठात दोन्ही बाजूंनी बुडवायचे आणि सोडायचे. तळताना बुळबुळीतपणा जातो आणि पान आत मऊ राहते. घरची रोजची भाजी मात्र पातळ: ताक आणि बेसन लावून, किंवा तुरीच्या डाळीत चिंच-गूळ घालून. चिंच, ताक किंवा कोकम यांपैकी काहीतरी आंबट हवेच. त्यावाचून ही भाजी गिळगिळीत होते, आणि एकदा तशी खाल्लेले मूल पुढे जन्मभर तिचे नाव काढत नाही. कारवार-मंगळूरकडून आलेल्या सारस्वतांनी आपले 'वाली आंबट' बरोबर आणले. गावदेवीला त्यांची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ मध्ये नोंदवली गेली, पुढे ताडदेवला तळमकीवाडी झाली. त्यांच्या आंबटात तुरीची डाळ, तीत ओले खोबरे, सुक्या मिरच्या आणि चिंच यांचे वाटण, वरून परतलेल्या कांद्याची फोडणी. गिरगावातल्या घरात ताक-बेसन, गावदेवीत खोबऱ्याचे वाटण: अंतर चालत पंधरा मिनिटांचे, आणि वेल तोच.

परळ-लालबागच्या गिरणगावात वेल आला तो बहुतेक कोकणातल्या माणसांबरोबर. गिरणी कामगारांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा वाटा फार मोठा होता. एकट्या पुरुषांनी भरलेल्या खोल्या आणि खाणावळी, तिथे कुंडी कोण पाहणार? बायका-मुले शहरात राहू लागली त्या खोल्यांतच डबे दिसू लागले. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणे-येणे असे, आणि परतताना पिशवीत तांदूळ, कोकम, सुक्या मासळीबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी फांदीही असे.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, डब्यातल्या वेलाला वेगळेच मोल येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. नांगरलेल्या जमिनीतले धान्य आणि भाजी वर्ज्य, हाताने खणून लावलेले चालते. परस असलेल्या घराला यात अडचण नाही. शहरात ऋषीची भाजी बाजारातून आणतात, आणि ती कुणाच्या कष्टाची हे विचारत नाहीत. अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचे कणीस यांच्या जोडीला काही घरांत मायाळूचीही भर पडते. नियमाला अक्षरशः धरून चालणारी भाजी त्या ताटात बहुधा एवढीच: अठरा लिटर मातीत बैल उभा राहणार कुठे?

फळांची गोष्ट निराळी. दिवस तेरा तासांहून मोठा असेल तर मायाळू फुलत नाही. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. श्रावणाच्या सुमाराला तो तेराच्या खाली येतो आणि वेल कळ्या धरायला मोकळा होतो. पांढरट-गुलाबी फुले नीट उमलतही नाहीत. फूल गळून न पडता त्याचेच आवरण रसाने फुगते आणि आतल्या एकुलत्या बीला गुंडाळून घेते. दिवाळीच्या पुढेमागे ती फळे काळीभोर होतात. खाता येतात, पण चवीला जवळजवळ काहीच नाही: किंचित गोडसर पाणी आणि मधे दाताखाली येणारे कठीण बी. रंग मात्र असा, की एका फळाने तळहात माखतो. हा रंग बीटाच्या आणि बोगनवेलीच्या रंगाच्या कुळातला. चीनमध्ये स्त्रिया तो गालांना लावत आणि खाद्यपदार्थ त्याने रंगवत.

चाळीत फळे मुलांच्या मालकीची. पोरी ओठांना आणि नखांना लावत, पोरे दौतीत चुरडून शाई करत. ही शाई ओली असताना झकास किरमिजी दिसते, पण उजेडात आणि उष्णतेत फार टिकत नाही. वहीतली अक्षरे थोड्याच दिवसांत मातकट होत जातात. दुसरे गिऱ्हाईक बुलबुल. ते फळे गिळतात, बी विष्ठेतून टाकतात आणि मायाळू गच्चीच्या पन्हाळीत, भिंतीच्या भेगेत, कुणीही न लावता उगवतो. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर पडलेला जांभळा डाग हीसुद्धा त्याच व्यवहाराची पावती.

सगळ्याच चाळी वेलाला सोयीच्या नव्हत्या. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला मोकळ्या जागा सोडून वस्ती आखली, आणि तिथल्या घरांना मागच्या अंगाला जमिनीचा पट्टा मिळाला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० मध्ये निघाले. त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. या बीडीडी चाळींना गिरगावसारखी उघडी गॅलरी नाही. मधे अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, आणि सुरुवातीला तर खिडक्यांच्या जागी काँक्रीटच्या तिरप्या पट्ट्या होत्या. उजेडच नसेल तिथे वेल कसला? पुढे खिडक्या झाल्या, खिडक्यांना लोखंडी जाळ्या आल्या, आणि त्या जाळीत डबे बसले. बीडीडीतला मायाळू म्हणून वर न चढता खाली लोंबत जाई.

युद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेने परसबागांची हाक दिली. मोकळ्या जागा असलेल्या दादरकरांना ती लागू पडली. चाळकरी जे करायचे ते आधीपासून करतच होते. भाजी तशी बाजारात येत होतीच. विरारहून मुंबईला पहिली गाडी १८६७ मध्ये धावली, तेव्हापासून वसई पट्ट्यातली भाजी, केळी आणि विड्याची पाने रोज पहाटे शहरात उतरत आली आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि बहुतेकांच्या नशिबी परत कामावर जाणे आले नाही. गिरण्यांच्या जमिनींवर आणि नंतर चाळींच्या जागी मनोरे आले. बीडीडीच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळते. मनोऱ्यात मजल्याची सामाईक गॅलरी मात्र नसते. कठडा हा मजल्याचा असे, खिडकी घराची असते. वेल एका घरातून दुसऱ्या घरात जायला आता वाटच उरलेली नाही. डब्यांवर दुसरे संकट पावसाळ्यात येते. डेंग्यूच्या भीतीने महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसे साचलेले पाणी शोधत फिरतात. पत्र्याचा डबा, टायर, कुंडीखालची ताटली ही त्यांची नेहमीची लक्ष्ये. शंभर वर्षांपूर्वी विहिरीवर आलेली पाळी आता ताटलीवर आली आहे.

दादर स्टेशनबाहेर आणि ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत मायाळूच्या जुड्या अजून येतात, पावसाळ्यात जास्त. मळ्यात हा वेल कोवळा असतानाच कापतात, पुन्हा फुटू देतात आणि फुलण्याआधी पुन्हा कापतात. त्यामुळे जांभळी फळे जुडीबरोबर बाजारात येत नाहीत. ती पाहायची तर वेल वर्षभर कुणाच्या तरी दारात राहिलेला असावा लागतो. जुडीतले जाड देठ बहुतेक घरांत निवडताना टाकून देतात. त्यातलेच दोन पेरांचे एखादे ओल्या मातीत खोचले, तर आठवड्याभरात त्याला मुळे फुटतात.